टॉवेलाखालचा हात

जुळे सोलापूर,
गुरुवार, दिवेलागण

आदरणीय वैदेहीताईंना गंगाधरचा नमस्कार.

अनीशचे लग्न ठरले. मुलगी सुकन्याच, दुसरी कोणी नाही. येत्या रविवारी सकाळी सुपारी फुटायची आहे. या वृत्ताला मुलीचे वडील बापूसाहेब यांनी आज सकाळी माझ्या अंगणात उभे राहून दुजोरा दिला. (उभा जन्म वर्तमानपत्राच्या टेबलावर गेल्यामुळे मला आधी बातमी आणि मग रामायण अशीच सवय आहे. तुम्हाला आधी क्षेमकुशल आवडते हे ठाऊक आहे, पण ते आता लगेच येतेच आहे.)

तर तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिले होते की पुण्यातल्या डॉक्टरांनी जिने चढू नका असे सांगितले आणि त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. असल्या डॉक्टरांना काय बोलावे? साखर ताब्यात असेलच, कारण तुमच्या ताब्यात नाही अशी एकही गोष्ट मी आजवर पाहिलेली नाही. इकडे मी बरा आहे. प्रभा बरी आहे आणि कालपासून माझ्याकडे आहे. मेंढाही बरा आहे आणि तोही कालपासून माझ्याकडे आहे. तो कुठला, हे पुढे येईल. महत्त्वाचे बोलणे फोनवर करू नये, लिहून पाठवावे, हा तुमचा दंडक मी पाळतो. पण टपालावर विसंबायला आता वेळ नाही, म्हणून पत्र कागदावर लिहून त्याच्या पानांचे फोटो तुमच्या सूनबाईंच्या मोबाइलवर पाठवतो. त्यांनी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावे. (सूनबाई, कंसातला मजकूर गाळत चला. गाळता आला नाही तर निदान हसू नका.)

आता महेश्वररावांविषयी. ते तुमचे सख्खे धाकटे भाऊ, माझ्या बहिणीचे, प्रभाचे यजमान, शिवाय मानसशास्त्राचे प्राध्यापक. अशा माणसाविषयी लिहिताना जीभ चावावी लागते. पण पेनाला दात नसतात, त्यामुळे सरळ लिहितो. गेली दोनतीन वर्षे या गृहस्थांना संयमाने पछाडले आहे. स्वतःच्या नव्हे, इतरांच्या. माणसाच्या स्वभावात आवेग किती आणि आवर किती हे मोजायची एक प्रश्नावली त्यांनी तयार केली आहे आणि ती ते भेटेल त्याला भरायला देतात. दूधवाल्याने भरली, इस्त्रीवाल्याने भरली, मी भरली. 'तुम्ही विचार करण्याआधी बोलून मोकळे होता का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही.' असे पुष्कळ प्रश्न. महेश्वररावांनी स्वतःची प्रश्नावली माझ्यासमोर भरली होती. प्रश्न पुरता वाचायच्या आधीच 'कधीच नाही'वर खूण करून ते पुढच्या प्रश्नाकडे धावत होते. निकाल अर्थातच असा लागला की आपल्या सबंध नात्यागोत्यात आत्मसंयमी असे तेच एक. प्रभा 'तीव्र आवेगी' निघाली, कारण काय तर ती विचारल्याबरोबर उत्तर देते. मी म्हटले, महेश्वरराव, जिला उत्तर आधीपासून माहीत आहे तिने थांबायचे कशासाठी? त्यावर ते मंद हसले आणि मलाही आवेगी ठरवले.

शिवाय त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर बुधवारी संध्याकाळी मुलांचा 'संयमवर्ग' भरतो. पद्धत अशी, की प्रत्येक मुलासमोर ताटलीत एक शेंगापोळी ठेवायची. वर्ग संपेपर्यंत जे मूल तिला हात लावणार नाही त्याला दुसरी मिळणार. आईबाप मागे खुर्च्यांवर बसून आपल्या पोराच्या हाताकडे डोळे लावतात. पोळ्या अर्थात प्रभाने लाटायच्या. आणि मुले घाम पुसत बसलेली असताना हे विद्वान मोठ्या डब्यातल्या पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकतात आणि तोंडात पोळी ठेवून 'इच्छा पुढे ढकलण्याची क्षमता' यावर बोलतात. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. एका लहान मुलीनेही पाहिले. तिने हात वर करून विचारले, 'सर, तुम्हाला दुसरी नकोय का?' तिला वर्गातून उठवण्यात आले.

इथवर सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण गृहस्थांनी हे शास्त्र घरात वापरले, आणि तेही पोटच्या पोरावर, अनीशवर. आपल्या दोघांचाही तो भाचा, त्यामुळे त्याच्याविषयी तुम्हाला वेगळे सांगायला नको. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी, खाली मान, मोजके बोलणे. सुकन्या त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. सांगोल्याकडची, धनगराची मुलगी. वडील बापूसाहेब म्हणजे त्या भागातले मोठे मेंढरंवाले. दोघांचे जमले, तेव्हा अनीशने पळून जाण्याची भाषा केली नाही की जेवण सोडले नाही. रीतसर घरी सांगितले, आईला, मग बापाला. बापाने काय करावे? प्रश्नावली दिली. ती भरून झाल्यावर सांगितले की तुझा स्कोअर चांगला आहे, पण प्रेमात सगळेच स्कोअर फसवे असतात. एक वर्ष थांब, वर्षानंतरही हीच इच्छा राहिली तर ती इच्छा, नाही तर तो नुसता आवेग. पोरगा थांबला. वर्ष संपले, इच्छा होती तिथेच होती. मग म्हणाले, अजून एक वर्ष, म्हणजे खात्री होईल. पोरगा तेही थांबला. आता सांगा ताई, आपल्या घरात संयम कोणाकडे आहे? जो गप्प राहून थांबतो त्याच्याकडे, की जो दुसऱ्याला थांबवून स्वतः गॅलरीत झोपाळ्यावर बसतो त्याच्याकडे?

मी तर म्हणतो हा संयमच नव्हे. स्वतःची इच्छा म्हणजे उतारावरची गाडी आणि दुसऱ्याची इच्छा म्हणजे घाट चढणारा ट्रक, ही यांची सगळी विद्या. मागल्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी व्याख्यानातून उठून हे थेट दुकानात गेले आणि घरात चालायचे यंत्र घेऊन आले. प्रभा त्याच्यावर चादरी वाळत घालते. तिथे वर्षभर थांबायचे सुचले नाही.

गेल्या रविवारी त्यांना सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराला जायचे सुचले. बापूसाहेब दर रविवारी तिथे असतात, तेव्हा त्यांना समक्ष, शांतपणे, आणखी एक वर्ष थांबायला सांगू, असा बेत. घरी बोलावून सांगायची छाती नव्हती, हे माझे मत. गाडी माझी आणि चालवायला मी, म्हणजे बिघडलेच तर साक्षीला कुणी तरी असावे. वाटभर ते सांगत होते की ग्रामीण माणूस क्षणात निर्णय घेतो, त्याला निर्णय लांबवायची सवय नसते, म्हणून त्याच्याशी फार जपून बोलावे लागते.

बाजारात बापूसाहेब स्वतःचा मेंढा विकायला उभे होते. तो मेंढा तुम्ही पाहायला हवा होता. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान आणि पोपटासारखे बाकदार नाक. चेहऱ्यावर असा भाव, की समोरच्याचा अर्ज त्याने वाचला आहे आणि तो फेटाळायचे ठरवले आहे. विजापूरकडचा एक व्यापारी आणि बापूसाहेब समोरासमोर, दोघांचे उजवे हात एका टॉवेलाखाली आणि तोंडे हवापाण्याविषयी बोलताहेत. ताई, तुम्हाला ही रीत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळता कामा नये. आकडा पटला नाही तर हात काढून घ्यायचा, पटला तर हात घट्ट दाबून हलवायचा. मग सौदा झाला. त्याला कागद नाही, सही नाही आणि माघारही नाही. हात दिला की दिला. तो शब्द मोडणाऱ्याला पुन्हा त्या बाजारात कुणी पाणीही विचारत नाही.

व्यापाऱ्याने हात काढून घेतला. महेश्वरराव माझ्या कानात पुटपुटले, 'पाहिलंत? नुसत्या स्पर्शावर निर्णय! विचाराला जागाच नाही. आवेगाचं याहून उत्तम उदाहरण सापडणार नाही.' एवढ्यात बापूसाहेबांचे लक्ष गेले. 'या की पावनं,' ते म्हणाले, 'लांब हुबं ऱ्हाऊन काय कळतंय? घाला की हात.' महेश्वररावांनी मला डोळ्याने खुणावले की निव्वळ अभ्यास म्हणून जातो, आणि टॉवेलाखाली हात घातला. बापूसाहेबांनी बोटे दाबली असावीत. महेश्वरराव विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासताना करतात तसे तोंड करून उभे राहिले. मागून तो विजापूरकडचा व्यापारी सहज म्हणाला, 'सोडा हो बापूसायेब, मास्तरला न्हाय जमायचं. फळ्यावरलं गणित हाय व्हय ह्ये?'

झाले. एवढे एक वाक्य. महेश्वररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, टॉवेलाखाली काही तरी हालचाल झाली आणि दोघांचे हात खांद्यापर्यंत हलले. बाजारात आरोळी उठली. मेंढ्याचा कासरा महेश्वररावांच्या हातात आला आणि पैसे तिथल्या तिथे मोबाइलवरून गेले. त्यांच्या बोटांनी कोणता आकडा कबूल केला हे त्यांनी अद्याप कुणाला सांगितलेले नाही. प्रभाला तर नाहीच.

यापुढचे मी पाहिले नसते तर लिहिले नसते, कारण कुणी विश्वास ठेवला नसता. हातात कासरा, मागे मेंढा, आणि अशा अवस्थेत या माणसाला आपण इथे कशासाठी आलो ते आठवले. घसा साफ करून म्हणाले, 'बापूसाहेब, मुलांच्या बाबतीत मला वाटतं आणखी एक वर्ष थांबावं. आयुष्याचे निर्णय घाईने घेऊ नयेत.'

बापूसाहेबांनी आधी कासऱ्याकडे पाहिले, मग मेंढ्याकडे, मग महेश्वररावांकडे. आवाज चढवला नाही. म्हणाले, 'मास्तर, मेंढा तुमाला एका दमात पसंत पडला. दात बगितलं न्हाईत का खूर बगितलं न्हाईत. आन् माझ्या लेकीला बगून दोन वर्सं झाली, तरी अजून वरीस पायजे? आमची पोरगी काय तुमच्या वर्गातली शेंगापोळी हाय व्हय, म्होरं ठिवून बगत बसायला?' मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकत त्यांनी सांगितले की जतकडचे एक स्थळ चालून आले आहे. येत्या रविवारपर्यंत होय-नाही कळले नाही तर ते तिकडे शब्द देतील, आणि शब्द दिल्यावर तो मोडायची त्यांच्याकडे रीत नाही. (सूनबाई, हे वाक्य सावकाश वाचा. सगळे त्याच्यावर उभे आहे.)

परतीच्या वाटेवर मेंढा मागच्या सीटवर बसून आरशातून माझ्याकडे पाहत होता. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन मल्लप्पाने गाडीत डोकावून पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारले, 'सायेब, ह्येची एन्ट्री कशात करू? व्हिजिटरमधी का मेंबरमधी?' लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई होत्या. त्या दुसऱ्यावरच उतरल्या आणि जिन्याने गेल्या.

घरात शिरल्यावर महेश्वररावांनी प्रभाला सांगितले की ही खरेदी पूर्ण विचारांती केलेली आहे. तिथेच ते अडकले, ताई. तुम्ही शांतपणे विचार करून पाहा. मेंढा आवेगाने घेतला असे म्हणावे, तर नात्यागोत्यातला एकमेव संयमी माणूस संपला. विचारपूर्वक घेतला असे म्हणावे, तर मग क्षणात घेतलेला निर्णयही विचारपूर्वक असू शकतो, आणि दोन वर्षे विचार केलेल्या अनीशला आणखी थांबवायचे कारण उरत नाही. प्रभाने हेच विचारले, पण माझ्याइतके लांबवून नाही. ती म्हणाली, 'मेंढ्याला एक मिनिट आणि पोराला तीन वर्षं? तो पोटचा आहे म्हणून का?' महेश्वरराव म्हणाले की मेंढा निरीक्षणासाठी आणला आहे. 'मग अनीशचंही निरीक्षण करा की,' प्रभा म्हणाली, 'तोही घरातच असतो. आणि लेंड्या टाकत नाही.'

पुढचे तीन दिवस मेंढा गॅलरीत होता आणि महेश्वरराव खोटे पडू नये म्हणून खरोखरच निरीक्षण करत होते. कसे? गॅलरीच्या एका टोकाला मेंढा बांधायचा, दुसऱ्या टोकाला कडब्याची पेंढी ठेवायची, आणि तो किती वेळ शांत राहतो ते पाहायचे. शांत राहिला तर पेंढी थोडी जवळ सरकवायची. ओरडला तर पुन्हा लांब. प्रभा पाठ फिरली की मूठभर टाकायची, ते कळल्यावर यांनी कडबा कुलपात ठेवला. बुधवारी सकाळी प्रभाने पिशवी भरली आणि रिक्षा करून माझ्याकडे आली. रविवारपर्यंत सुपारी फुटली नाही तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही, असे तिने चपला काढता काढता सांगितले. ताई, माझ्या बहिणीला राग पटकन येतो हे खरे, पण इतक्या हळू आवाजात ती बोलली की मला भीती वाटली.

त्याच संध्याकाळी संयमवर्ग होता. प्रभा नाही म्हणून पोळ्या बाहेरून आणल्या होत्या. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. (कशासाठी? पाहायला. निवृत्त माणसाला दुसरे काय असते?) विषय होता, 'आवेगावर विजय'. मुले ताटल्यांसमोर मांड्या घालून, हात मागे बांधून बसलेली. मेंढा शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे खाली आणून पार्किंगमधल्या पाइपला बांधला होता. महेश्वररावांनी नुकतेच म्हटले होते की सुशिक्षित मन आणि पशू यांत फरक इतकाच, की पशूला थांबता येत नाही. आणि कासऱ्याचे कुरतडलेले टोक ओढत पशू आत आला.

तो धावला नाही. माजलाही नाही. पहिल्या रांगेच्या पहिल्या ताटलीपासून त्याने शिस्तीत सुरुवात केली, जशी पंगत वाढतात तशी, फक्त उलटी. मुले अवाक. थांबायचे की वाचवायचे, हे नियमांत नव्हते. त्या मघाच्या चौकस मुलीने (तिला पुन्हा वर्गात घेतले होते) आपली पोळी मोडली, अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली. सगळ्या हॉलमध्ये विचार केलेला मला तेवढाच दिसला. आणि विचाराचे प्राध्यापक काय करत होते? त्यांनी आधी माइकमध्ये 'हॅट' म्हटले, मग माइक बाजूला ठेवून असे काही म्हटले की पुढच्या रांगेतल्या आयांनी मुलांच्या कानांवर हात ठेवले. मग प्रश्नावल्यांचा गठ्ठा मेंढ्याला फेकून मारला. मेंढ्याने मान खाली घातली. माडग्याळी जातीचा मेंढा मान खाली घालतो म्हणजे वंदन करत नाही. महेश्वरराव टेबलावर चढले, आणि आईबापांनी मोबाइल काढले. तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आहे. तुमच्या सूनबाईंना मी पाठवलेला नाही. (सूनबाई, वेगळा पाठवतो.)

अनीश आणि सुकन्या कामावरून परत येताना तिथे पोहोचले, ते मल्लप्पाने फोन केला म्हणून. सुकन्याने दारातून जिभेने टाळूवर एक आवाज काढला. मेंढा वळला आणि लहान पोर आत्याकडे जावे तसा तिच्याकडे गेला. तिने त्याच्या पोटावरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या आणि टेबलावर उभ्या असलेल्या आपल्या भावी सासऱ्यांकडे वर पाहून म्हणाली, 'सर, हा मारका नाहीये. उपाशी आहे. तुम्ही याला चारा नुसता दाखवताय का?' अनीशने बापाकडे असे पाहिले, की मी त्या क्षणी टेबलावर असतो तर स्वतःहून खाली उतरलो असतो. महेश्वरराव उतरले नाहीत. त्यांनी सांगितले की आजचा प्रयोग अपेक्षेप्रमाणे पार पडला आहे.

आता एक गोष्ट लिहितो, ती हसण्यावारी नेऊ नका. उपाशी मेंढा मी माझ्याकडे न्यायला घेतला, आणि घरी परतताना विचार करत होतो की हा माणूस मूर्ख आहे, मान्य, पण इतका? मेंढा घेताना मिनिट लागत नाही आणि सून आणताना मात्र आकडा पटत नाही? मग लक्षात आले. सगळे मानसशास्त्र म्हणजे यांचा टॉवेल आहे. वर हवापाण्याच्या गप्पा, आवेग, आवर, स्कोअर. आणि खाली बोटे वेगळेच सांगताहेत. ते काय, हे तुम्हाला कळते, मला कळते, अनीशला पहिल्या दिवसापासून कळले आहे आणि बापूसाहेबांना तर जन्मापासून. मेंढरं राखणाऱ्याचा मेंढा चालतो, मुलगी चालायला वर्षे लागतात. 'नाही' म्हणायची लाज वाटते, म्हणून 'थांबा' म्हणायचे. भित्रेपणाला यांनी संयम नाव दिले आहे आणि त्याचा वर्ग चालवला आहे. ताई, तुमचा भाऊ असला तरी लिहितो: मला याची किळस आली.

आज सकाळी बापूसाहेब माझ्या दारात आले. मेंढ्याची बातमी त्यांना लेकीकडून कळली होती. मेंढा अंगणात लसूणघास खात होता आणि प्रभा त्याच्याशी काही तरी बोलत होती. मी म्हटले, मेंढा परत न्या. ते म्हणाले, 'तसं कसं? सौदा झालाय. तुमी त्येला पोटभर घाला म्हंजी झालं.' प्रभाने चहा दिला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला, बशी खाली ठेवली, आणि जतच्या पाहुण्यांना काय कळवू, असे विचारले. मग बोलणी झाली. लग्न ठरले. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यांची माणसे दोन गाड्यांतून येणार आहेत. प्रभा पदराने डोळे पुसत आत गेली आणि शिरा केला.

असा हा सगळा वृत्तान्त. माणसाने स्वतःवर ताबा ठेवावा, उतावळेपणा करू नये, हे मी माझ्या परीने आयुष्यभर पाळत आलो. तुमच्या भावाच्या रूपाने त्याचे वाटोळे पाहायची वेळ आली, इतकेच. गुडघ्याला जपा.

आपला,
गंगाधर

ता. क. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर शेंगाचटणी पाठवायची म्हणून प्रभाने बांधून ठेवली आहे. तिखट कमी घातले आहे. पण न पाठवता इथेच ठेवावी असे आता वाटते. कारण खाली वाचा.

ता. क. २. वर 'बोलणी झाली' असे लिहिले आहे. बातमी वाचणाऱ्याने नेहमी पाहावे की दुजोरा कोणी दिला आणि कोणी दिला नाही. दुजोरा मुलीच्या वडिलांनी दिला आहे. मुलाच्या वडिलांची प्रतिक्रिया मिळू शकलेली नाही, कारण त्यांना अद्याप काही सांगितलेले नाही. झाले असे, की जतचा विषय निघाला तेव्हा बापूसाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. मी दारात उभ्या असलेल्या प्रभाकडे पाहिले. पुढे माझा हात टॉवेलाखाली होता आणि तो हलत होता. (सूनबाई, हसू नका म्हटले होते.) विचार केला नव्हता, हे खरे. विचार केला असता तर मुलगी रविवारी जतला गेली असती. आता हात दिला की दिला. शब्द मोडला तर सांगोल्याच्या बाजारात माझी काय किंमत राहील ते सोडा, अनीशच्या डोळ्यांना डोळा देता येणार नाही.

ता. क. ३. म्हणून मुख्य काम. तुम्ही शनिवारच्या गाडीने इकडे यावे. मी स्टेशनवर गाडी घेऊन येतो. आमचे घर तळमजल्यावर आहे, जिना नाही. रविवारी सकाळी मेंढा बघायचे निमित्त सांगून मी महेश्वररावांना माझ्या अंगणात आणणार आहे. बापूसाहेब तिथे असतील. महेश्वरराव आधी घसा साफ करतील आणि मग म्हणतील की थोडा विचार करू. त्या वेळी कुणी भांडू नये, प्रभाने तर मुळीच नाही. बापूसाहेब नुसता हात पुढे करतील. महेश्वरराव मागे सरकतील, आणि बरोबर तेव्हा मागून कुणी तरी सहज, दुसरीकडे बघत, म्हणायचे आहे की जाऊ द्या हो, याला नाही जमायचं. मी म्हटले तर ते मला आवेगी ठरवून मोकळे होतील. ते वाक्य सख्ख्या थोरल्या बहिणीने म्हणायला हवे.

टॉवेल बापूसाहेब इथेच ठेवून गेले आहेत. मी तो धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे.